टर्फची आग पेटवली आणि हॉल धुरानं भरला, मग ते सुख नक्की कुठं असतं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं, की सप्टेंबरात सांगलीहून तुम्ही आयर्लंडमध्ये ॲथलोनजवळ एका भाड्याच्या कॉटेजमध्ये राहायला आलात, घरमालकानं शेडमध्ये टर्फची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या तुकड्यांची, पाच-सहा पोती ठेवलीयत, शेजारीपाजारी सगळे सांगतात की टर्फच्या आगीसारखं सुख नाही, म्हणून तुम्ही हौसेनं एका संध्याकाळी पेटवली तर हॉलभर धूर, खोली काही गरम झाली नाही, बिलही कमी झालं नाही, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन दिवस खोकला. मग हे लोक ज्या सुखाबद्दल बोलतात ते खरंच असतं की नुसतं जुन्या आठवणींचं कौतुक, तुमचं कुठं चुकतंय, आणि स्टोव्ह, म्हणजे खोली तापवायची दाराची लोखंडी शेगडी, बसवावा का?

मी मूळचा कुडाळकडचा, २००७ पासून रॉसकॉमनमध्ये आहे, आणि गेली बारा-तेरा वर्षं स्टोव्ह बसवणं आणि चिमण्या, म्हणजे धुराडी, साफ करणं हाच माझा धंदा. त्यामुळे जे सांगतोय ते काळ्या हातांनी शिकलेलं आहे. तुमचं घर मी बघितलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी 'असं असेल तर असं' अशाच सांगाव्या लागतील, चिमणी कशी आहे, टर्फ किती वाळलाय, भिंतीतला व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, उघडं आहे का, यावर निम्मं उत्तर बदलतं.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारलेत आणि गोंधळ तिथंच आहे. घर गरम करणं वेगळं आणि ऊब मिळणं वेगळं. उघड्या फायरप्लेसमध्ये जळणाच्या रुपयातले बारा आणे धुराड्यातून वर जातात, खोलीत राहतो तो पावलीचा शेक, आणि तोही समोर पाच-सहा फुटांत. पुढून भाजतं, पाठ गारच. वर आणखी एक गंमत, ती आग सतत घरातली हवा ओढून वर फेकत असते, म्हणजे तुमच्या केरोसीन बॉयलरनं पैसे घालून तापवलेली हवाही तिच्याबरोबर जाते. आणि थर्मोस्टॅट त्याच हॉलमध्ये असला तर त्याला वाटतं घर तापलं, तो रेडिएटर बंद करतो, आणि बेडरूम बर्फ. म्हणून बिल कमी झालं नाही यात तुमची काहीच चूक नाही, उघड्या आगीकडून ते होतच नाही.

मग लोक कशाला कौतुक करतात? ते घर तापतं म्हणून नाही करत. ते त्या आगीभोवती बसण्याचं कौतुक करतात. लाकूड तडतडतं, ठिणग्या उडवतं, सारखं बघायला लागतं. दगडी कोळसा नुसता रागीट, धग मारतो. टर्फ मात्र गप्प जळतो. ज्वाळा थोडी, निखारा जास्त, आणि तो नारिंगी निखारा तास-दीड तास तसाच. वास म्हणाल तर ओली माती, वाळकं गवत आणि शेणीच्या धुराचा लांबचा चुलतभाऊ. मला इथं पहिल्या नोव्हेंबरात एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या घरी पहिल्यांदा तो वास आला आणि डोळ्यांत पाणीच आलं, धुरानं नाही, आजीच्या चुलीनं. आमच्याकडं न्हाणीघराच्या चुलीत शेणी घातल्या की पहाटे असाच मंद वास घरभर फिरायचा. दोन्हीचं तत्त्वही जवळजवळ एकच, अर्धवट कुजलेलं-दाबलेलं गवत सावकाश धुमसतं.

टर्फ म्हणजे काय तर बॉगमधलं, म्हणजे दलदलीतलं, हजारो वर्षांत साचलेलं शेवाळ आणि गवत, जे पाण्याखाली हवा न मिळाल्यानं पूर्ण कुजलंच नाही. हा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक मीटर खणलं की हजारएक वर्षं खाली गेलात. मेयो काउंटीत पॅट्रिक कॉलफील्ड नावाच्या एका शाळामास्तरांना १९३०च्या दशकात टर्फ कापतानाच बॉगखाली रचलेले दगड दिसले, पुढं त्यांच्या मुलानं, ते पुरातत्त्वज्ञ झाले, तिथं शोध घेतला तर निघाली पाच हजारांहून जास्त वर्षं जुनी शेतं आणि बांध, आज ती जागा केजा फील्ड्स म्हणून बघायला मिळते. मी सॉड उचलताना, सॉड म्हणजे टर्फचा विटेएवढा तुकडा, कधी कधी हे आठवतं आणि जरा अपराधीही वाटतं, त्याबद्दल पुढं बोलतो.

आता तुमचा धूर. माझ्या अनुभवात नवीन भाडेकरूंच्या घरी धूर उलटा येण्याची चार-पाच कारणं असतात आणि आपल्या लोकांच्या घरी एक खास कारण असतं, ते आधी सांगतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन. तुम्ही इकडं हॉलमध्ये आग पेटवता आणि तिकडं फोडणी घालायला फॅन फुल स्पीडवर लावता. तो फॅन घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी, खिडक्या बंद, मग ती सगळ्यात मोठ्या भोकातून येते, म्हणजे चिमणीतून, धुरासकट. मी एका घरी चिमणी दोनदा साफ केली, काही सापडेना, तिसऱ्यांदा गेलो तेव्हा वहिनी आतमध्ये मासे तळत होत्या, फॅन बंद करायला सांगितला आणि धूर सरळ वर. पैसे घ्यायची लाज वाटली मला.

दुसरं, भिंतीतला व्हेंट. फायरप्लेस असलेल्या खोलीत बाहेरच्या भिंतीला जाळीचं भोक असतं, त्यातून गार वारा येतो म्हणून आपण त्यात जुना टॉवेल कोंबतो. आधीच्या भाडेकरूनं कोंबलेला असू शकतो. तो काढा, आणि आग असताना कधीच बंद करू नका, कारण तिथं प्रश्न नुसत्या धुराचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा आहे, त्याला वासही नाही आणि रंगही नाही. अलार्म आहे का ते आधी बघा. भाड्याच्या घरात असं जळण जाळायची सोय असेल तर कार्बन मोनॉक्साइड अलार्म देणं घरमालकावर बंधनकारक आहे, संकोच न करता मागा, आणि असलेल्याचं बटण दाबून बघा, शिवाय मागं एक्स्पायरीची तारीख असते तीही बघा, ती गेलेले अलार्म मी ढिगानं बघितलेत.

तिसरं म्हणजे जॅकडॉ. आपल्या कावळ्याचा छोटा भाऊ, मान राखाडी, डोळे पांढुरके, आणि याला घरटं करायला चिमणीच लागते. तो वरून काटक्या टाकत राहतो, टाकत राहतो, जोपर्यंत एखादी अडकत नाही, आणि मग त्यावर पोतंभर काटक्या. वर्षभर न वापरलेल्या चिमणीत हे सापडणारच असं धरूनच मी जातो. म्हणून घरमालकाला सरळ विचारा, चिमणी शेवटची कधी साफ केली? 'लास्ट इयर, आय थिंक' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ 'माहीत नाही'. टर्फ जाळणाऱ्या घरात वर्षातून एकदा तर करायचीच, रोज जाळत असाल तर दोनदा, कारण ओलसर टर्फचा धूर गार चिमणीत जाऊन डांबरासारखा चिकटतो आणि एक दिवस तेच डांबर आत पेट घेतं. चिमणीला लागलेल्या आगीचा आवाज एकदा ऐकलाय, छपरावरून विमान गेल्यासारखा, परत ऐकायचा नाही.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. जुन्या कॉटेजमध्ये फायरप्लेसच्या मागे बॅक बॉयलर असतो, म्हणजे पाणी तापवायची लोखंडी टाकी. पुढं ऑइल हीटिंग आलं की तो कधी कधी तसाच आत सोडून देतात, पाइप बंद करून. त्यात पाणी अडकलेलं असेल आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसेल तर खाली आग पेटवणं म्हणजे झाकण घट्ट बसलेला कुकर शिट्टीशिवाय गॅसवर ठेवणं. स्फोट झालेत अशानं. आत वाकून मागच्या बाजूला लोखंडी पत्रा दिसतो का बघा, दिसला तर घरमालकाकडून लेखी उत्तर येईपर्यंत काडीसुद्धा ओढू नका.

आता समजा हे सगळं ठीक आहे, मग उरतो टर्फ. ताजा कापलेला टर्फ म्हणजे जवळजवळ ९० टक्के पाणीच. एप्रिल-मेमध्ये कापतात, पूर्वी श्लान नावाच्या पंखवाल्या फावड्यानं, आता बहुतेक ठिकाणी मशीननं, मग पंधरा दिवस जमिनीवर पसरून वरून सुकला की तो 'फूट' करायचा, म्हणजे पाच-सहा सॉड एकमेकांना टेकवून उभे करायचे, मधून वारा खेळावा म्हणून. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं काय मोठंसं, दोन तासांत कंबर धरली. भाताची लावणी केलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटेल, तेच वाकणं, फक्त चिखलाऐवजी वारा आणि वर चावणाऱ्या मिजेस नावाच्या चिलटांचे ढग. सगळे शेजारी मिळून एकेकाचं काम उरकायचे, त्याला इथं मेहल म्हणतात, देशावर इर्जिक म्हणतात तेच. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात टर्फ घरी आणून शेड भरायची, आमच्या कोकणातली पावसाळ्याआधीची आगोट बघा, लाकूडफाटा, सुकी मासळी, सगळ्याची बेगमी, अगदी तसंच इथं थंडीआधी चालतं. शेड भरली की माणसाच्या चेहऱ्यावर जो समाधानाचा भाव येतो ना, त्या सुखाचा अर्धा भाग तिथंच असतो असं माझं मत आहे. घाम गाळून आणलेली आग वेगळीच लागते. पोत्यातून आयती आलेली आग तशी लागणार नाही, हे मान्य करायला हवं.

तर तुमच्या पोत्यातला टर्फ वाळलाय का हे कसं ओळखायचं. दोन सॉड एकमेकांवर आपटा. कोरड्या लाकडासारखा टणक आवाज आला तर ठीक, भिजल्या पुठ्ठ्यासारखा धप्प आला तर नाही. मग एक तोडून बघा, कडक मोडला पाहिजे, आत हात लावला तर गार-ओलसर लागता कामा नये. रंगही बघा, हलका तपकिरी टर्फ हा वरच्या थरातला, भुसभुशीत, लवकर पेटतो आणि लवकर संपतो. काळा, जड टर्फ खालच्या थरातला, पेटायला वेळ घेतो पण धरून ठेवतो. जाणते लोक तपकिरीनं सुरुवात करतात आणि काळा वर लावतात. तुम्ही पहिल्याच फटक्यात काळे सॉड आडवे रचले असणार, नव्वद टक्के लोक तेच करतात, आणि मग धूरच धूर.

पेटवताना आधी चिमणी तापवा. गार चिमणीत गार हवेचा बूच बसलेला असतो, एक वर्तमानपत्र पिळून पेटवून अर्धा मिनिट वरच्या तोंडाशी धरलं की तो बूच सुटतो, धूर वर ओढला जातोय हे तिथंच दिसतं. मग मधे एक फायरलायटर, त्यावर मूठभर काटक्या, आणि भोवती तपकिरी सॉडचे लहान तुकडे उभे, तंबूसारखे, मधे फटी ठेवून. ते लाल झाले की मग काळे, तेही उभेच आणि एका वेळी दोन-तीन. सारखं ढोसू नका. आपल्याला चुलीची सवय असते, फुंकणी हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही, टर्फला ते आवडत नाही, ढोसलात की तो मोडतो आणि राखेत विझतो. वीस मिनिटं त्याच्याकडं नुसतं बघत बसा. तेच तर करायचं असतं.

पूर्वी इथल्या घरांत आग रात्री विझवायचेच नाहीत. निखारे गोळा करून राखेखाली झाकायचे, सकाळी राख बाजूला केली की विस्तव जिवंत. आपल्या आज्याही हेच करायच्या, आणि विझलाच तर शेजारून पळीभर विस्तव आणायचा. त्या झाकण्याची इथं प्रार्थना असायची, ब्रिजिड संतिणीच्या नावानं. किल्डेअरला तिचा अखंड अग्नी होता, १९९३ साली तिथल्या सिस्टर्सनी तो परत पेटवला. बाराव्या शतकातल्या गेराल्ड ऑफ वेल्स या पाद्र्यानं लिहून ठेवलंय की तो अग्नी इतकी शतकं जळूनही त्याची राख कधी वाढली नाही. टर्फची राख रोज बादलीनं काढणाऱ्या माणसाला विचारा, खरा चमत्कार कोणता ते लगेच कळेल.

राखेवरून आठवलं, ती लोखंडी, झाकणाच्या बादलीतच काढायची आणि घराबाहेर, कचऱ्याच्या डब्यापासून लांब ठेवायची, निदान दोन दिवस. वरून गार पांढरी दिसते आणि आत विस्तव बसलेला असतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी प्लास्टिकच्या बादलीत भरून मागच्या दाराशी ठेवली, सकाळी बादली नव्हती, फरशीला चिकटलेलं निळं थारोळं होतं. नशीब दार लाकडी असून वाचलं.

आणि रात्री झाकून ठेवायचं ते जुन्या मोठ्या चुलाण्यातलं, आजच्या स्टोव्हमध्ये हवा बंद करून रात्रभर धुमसत ठेवू नका, त्यानं काच काळी, चिमणीत डांबर, आणि अर्धवट ज्वलनाचा वायू खोलीत यायचा धोका. आग निवली की झोपायला जा, बास.

स्टोव्ह बसवावा का हेही तुम्ही विचारलंय. घर स्वतःचं असतं तर मी लगेच हो म्हणालो असतो, दार असलेला चांगला स्टोव्ह ७०-८० टक्के उष्णता खोलीत देतो, म्हणजे बारा आणे तुमचे आणि चार आणे चिमणीचे, हिशोबच उलटा. भाड्याच्या घरात घरमालक खर्च करत असेल तरच. पण एक सांगतो, धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, काचेमागची आग छान दिसते पण तो वास खोलीत येत नाही, आणि निम्म्या लोकांना नेमका वासच हवा असतो.

आता तुमच्या मुलाचं. मी डॉक्टर नाही, पण जो वास आपल्याला आवडतो तो धूरच असतो, आणि उघड्या आगीचे बारीक कण घरात राहतात, चिमणी कितीही चांगली असली तरी. आयर्लंडमध्ये हवेतल्या बारीक कणांचा मोठा हिस्सा अशाच घरगुती जळणातून येतो, थंड, वारा नसलेल्या संध्याकाळी गावात फिरून आलात की स्वेटर सांगतो. म्हणून मुलाला दम्याची शंका असेल, छातीत सूंसूं आवाज येत असेल, तर या घरात उघडी आग नको, मी इतकं स्पष्ट सांगतो. नुसता त्या दिवशीच्या धुरानं आलेला खोकला असेल आणि डॉक्टरांनी बघून ठीक म्हटलं असेल, तर चिमणी साफ झाल्यावर आठवड्यातून एखादी संध्याकाळ, पुढं जाळीचा फायरगार्ड भिंतीला अडकवून. रोज नाही.

तसंही रोज न जाळण्याची आणखी कारणं आहेत. वाळलेल्या टर्फमध्ये किलोमागे कोळशाच्या निम्मीसुद्धा उष्णता नसते, आणि तेवढ्याच उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइड कोळशापेक्षाही जास्त निघतो. बॉग हजारो वर्षं कार्बन धरून बसलेले असतात, ते कापले, पाणी काढलं की तो सुटतो. 'बोर्ड ना मोना' या सरकारी कंपनीनं जानेवारी २०२१मध्ये पीट, म्हणजे ज्यातून टर्फ कापतात तो बॉगमधला थर, काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं, ज्या कंपनीवर इथली गावंच्या गावं जगली. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून टर्फ दुकानात, बाजारात किंवा इंटरनेटवर-पेपरात जाहिरात देऊन विकायलाही बंदी आहे. ज्यांचा बॉगवर कापायचा पिढीजात हक्क आहे त्यांनी स्वतःसाठी कापणं, शेजाऱ्याला देणं चालतं. त्यामुळे घरमालकाची पोती वापरायला हरकत नाही, पण संपल्यावर ऑनलाइन शोधत बसू नका. यावर इथं पबमध्ये बोलताना जरा जपून, एखाद्याच्या बापजाद्यांचा बॉग असतो आणि डब्लिनवाले आम्हाला शिकवतात हा राग खोल आहे. मला दोन्ही बाजू पटतात, हे सोयीचं वाटेल, पण चिमणी साफ करणारा माणूस दोन्ही घरांत चहा पितो.

तर तुमच्यासाठी क्रम असा, आधी बॅक बॉयलर आणि अलार्म, मग चिमणी साफ, मग व्हेंटमधला टॉवेल, आणि मग टर्फ आपटून बघणं. खोली गरम करायला रेडिएटरच चालू द्या, तापमान नेहमीचंच ठेवा. आगीकडून गरमीची अपेक्षा ठेवूच नका. शनिवारी संध्याकाळी जेवण आधी उरका, फॅन बंद, टीव्ही बंद, मोठा दिवा बंद, आणि खुर्च्या पुढं ओढून बसा. शेजारच्या एखाद्या म्हातारबाबांनाच बोलवा ना, ज्यांनी तुम्हाला सुख-सुख म्हणून सांगितलं. पूर्वी इथं प्रत्येक गावात एक रॅम्बलिंग हाऊस असायचं, संध्याकाळी सगळे तिथं जमायचे, गप्पा, फिडल, भुताच्या गोष्टी. तुमच्या टर्फच्या रचनेला ते म्हातारबाबा नक्की नावं ठेवतील आणि उठून स्वतः परत रचतील, रचू द्या, मी धंदा करत असूनही माझ्या घरी अजून रचतात. निखारे उरले तर झाकणाच्या जड लोखंडी भांड्यात रवा-गुळाचा केक ठेवून खाली निखारे, झाकणावर निखारे, आमच्या धोंडसासारखं, इथल्या आज्या बास्टिबल नावाच्या अशाच भांड्यात सोडा ब्रेड याच पद्धतीनं भाजायच्या. खालचे निखारे थोडे आणि वरचे जास्त ठेवा, नाहीतर बूड करपतं.

घरमालकाचं बॅक बॉयलरवरचं उत्तर आलं की इथंच लिहा, फायरप्लेसच्या आतल्या बाजूचा एक फोटोही टाका, बघून सांगतो.